पंचेचाळीसचं भिंग

फेब्रुवारी लागला की पांढुर्ण्यात दोन गोष्टी एकदमच सुरू होतात. मृग बहाराची संत्री उतरायला लागतात आणि बोर्डाची प्रात्यक्षिकं लागतात. रस्त्याच्या कडेला ट्रक उभे राहतात, फुटक्या संत्र्यांचा ढीग साचतो, आणि सालीचा तो वास नाकापेक्षा डोळ्यांनाच आधी लागतो. त्याच आठवड्यात मला पत्र येतं, की अमुक शाळेत अमुक वारी जीवशास्त्राचे बाह्य परीक्षक म्हणून हजर राहावं. वीसेक वर्षं झाली, मी हजर राहतो. अलीकडे थकायला होतं. प्रवास फार नसतो, कधी सौसर, कधी बोरगाव. थकवा त्या खोलीत शिरण्याचा असतो. स्पिरिटचा वास, बरणीतले पांढरे पडलेले बेडूक, खिडकीशी मांडलेला सूक्ष्मदर्शक आणि त्याच्यासमोर रोल नंबरप्रमाणे उभी असलेली मुलं.

एकेक मूल वाकतं, एक डोळा मिटतं, क्षणभर थांबतं आणि म्हणतं, "दिसलं, सर."

काय दिसलं ते मी विचारत नाही. विचारायला हवं, त्यासाठीच मला बोलावलेलं असतं. पण मी मान हलवतो आणि गुण देतो. फक्त एक गोष्ट प्रत्येकाला सांगतो. भिंग खाली आणताना डोळा नळीला लावू नका, बाजूनं बघा, काचेपर्यंत किती अंतर उरलं ते बघा. हे मी जरा जास्तच करड्या आवाजात सांगत असणार, कारण मुलं दचकतात. सोबतच्या शिक्षकांना वाटतं की सर सरकारी सामानाबद्दल फार कडक आहेत. मी त्यांचा गैरसमज दूर केलेला नाही. गैरसमज तसाच राहू देण्याची मला जुनी सवय आहे.

ऐंशीच्या दशकातली ती वर्षं. आम्ही सौसरला राहायचो. बाबा तिथल्या एका शाळेत जीवशास्त्र शिकवायचे आणि मी त्याच शाळेत बोर्डाच्या वर्गात होतो. मुलूख मराठी बोलणारा, पण राज्य हिंदी, म्हणून पुस्तक हिंदीत. वर्गात बाबा 'कोशिका' म्हणत, घरी जेवताना 'पेशी' म्हणत. शाळेत सूक्ष्मदर्शक एकच होता. लाकडी पेटीत, आत हिरवं मखमली कापड, पितळी चाकं, आणि दोन भिंगं, एक दहाचं, एक पंचेचाळीसचं. पेटीला कुलूप. कुलपाची एक किल्ली आमच्या घरी खुंटीवर असायची आणि दुसरी श्रावणजींच्या कमरेला.

श्रावणजी कागदावर भृत्य, म्हणजे शिपाई, होते. पण पाणी भरणं, घंटा देणं ही कामं दुसरे करत, श्रावणजी फक्त प्रयोगशाळेचे. रामाकोन्याहून रोज नॅरोगेजच्या छोट्या गाडीनं यायचे, खाकी पँट, पांढरी टोपी, खिशात धुतलेल्या मलमलीचा तुकडा. शिक्षण चौथीपर्यंतचं. पण बाबांचा तोच कोशिकेचा धडा त्यांनी दाराशी उभं राहून दरवर्षी ऐकलेला होता, आणि कांद्याचा पापुद्रा तर असा काढायचे की बाबाही म्हणत, "श्रावणजी, माझ्याच्यानं एवढा पातळ निघत नाही."

दसऱ्याला श्रावणजी प्रयोगशाळेची पूजा करत. लोहार भात्याची करतो, शेतकरी नांगराची करतो, तशी. तराजू, चिमटे, स्पिरिटचा दिवा, आणि सगळ्यांत मध्ये सूक्ष्मदर्शक. त्याच्या पितळी मानेवर हळदीकुंकवाचं एक बोट, पायाशी झेंडू, आपट्याचं पान. मुलं हसायची. "श्रावणजी, याले नारळ नाई फोडला?" एक पोरगा विचारायचा. श्रावणजी म्हणत, "तू पास झाला का तुह्याच डोक्यावर फोडतो, बाबू." संध्याकाळी पूजा उतरली की तेच मलमलीनं सगळं पुसून ठेवत. भिंगाला त्यांनी कधी बोट लावलेलं मी पाहिलं नाही. हे वाक्य मी मुद्दाम इथे लिहून ठेवतो.

कोशिकेचा धडा आला की वर्गाला एकदा सूक्ष्मदर्शकातून बघायला मिळायचं. पन्नास मुलं, एक तास. प्रत्येकाला दहा आकडे मोजेपर्यंतचा वेळ. मी वाकलो तेव्हा मला एक करडा गोल दिसला आणि त्यात काळ्या काड्या. मागून कोणीतरी ढकलत होतं. मी मास्तरांचा मुलगा. मी म्हणालो, "दिसलं, सर." बाबा पुढच्या नंबराकडे वळले.

श्रावणजी खिडकीशी उभे होते. वर्ग सुटल्यावर त्यांनी मला थांबवलं.

"काय दिसलं, बाबू?"

"केंद्रक."

"काहून खोटं बोलून राहिला? तुले तुह्या पापन्या दिसल्या."

मी हातातली वही दुमडली.

"पन्नासातल्या चाळीसाइले तेच दिसते," ते म्हणाले. "लाजाची काई गोष्ट नाई. पापनी बी पेशीचाच माल हाय. उद्या शाळा सुटल्यावर ये, मी दाखवतो."

दुसऱ्या दिवसापासून मी जायला लागलो. त्या हिवाळ्याएवढं स्पष्ट मी नंतर काही पाहिलेलं नाही. श्रावणजींनी आधी संत्र सोललं. फोडीतला एक रसाचा थेंबुटा सुईनं सोडवला आणि विचारलं, "हे पेशी हाय का?" मी म्हटलं, हो. "नोहे. हे तं गाव हाय. याच्या पोटात पाह्य." आणि खरंच, त्या एवढ्याशा थेंबुट्याच्या आत पातळ भिंतींची घरंच घरं होती. मग त्यांनी बाहीला चिकटलेला कापसाचा एक तंतू काढून काचेवर ठेवला. लांबलचक, चपटी, पीळ पडलेली फीत दिसली.

"हे किती पेशी हायेत?"

"शंभर?"

"एक. एवढी लांब, पन एकलीच. सरकीच्या सालीतून निंघते अन् लांबतच जाते. बोंड फुटलं का मरते. आपून जे आंगावर घालतो ना, ते मेल्यावरचं घर हाय तिचं."

घरी जाताना वाटेत जिनिंग होतं. आवारात कापसाचे ढीग, वर दोन माणसं पायानं तुडवत उभी. मी कितीतरी वेळ कुंपणाशी उभा राहिलो. एवढ्या पेशी, आणि एकेक एकटी.

दहाच्या भिंगातून मी सगळं पाहिलं. कांद्याच्या विटांसारख्या रांगा पाहिल्या, गालाच्या आतल्या चपट्या पेशी पाहिल्या. पण पुस्तकातल्यासारखं मोठं केंद्रक, त्याच्या आतला तो बिंदू, ते पंचेचाळीसच्या भिंगाशिवाय दिसत नव्हतं. आणि तिथे श्रावणजी हात धरायचे. "त्याले हात नोको लावू. ते तुह्या बाबाचं काम. मी बी लावत नाई." माझ्या प्रात्यक्षिकाच्या वहीत मात्र केंद्रक होतं. एकदा नव्हे, पंधरा पानांवर. एचबी पेन्सिलीनं ठिपके देऊन काढलेलं, पुस्तकावरून उतरवलेलं. बाबांनी वहीवर 'उत्तम' लिहिलं होतं. मला ती वही उघडावीशी वाटत नसे.

जानेवारीतला एक रविवार. आई-बाबा लग्नाला गेले होते. खुंटीवरून किल्ली काढून मी शाळेत गेलो. आवारात कोणी नव्हतं, प्रयोगशाळेच्या दाराला नुसती कडी असायची. मी कांदा नेला होता. पापुद्रा काढला, श्रावणजींसारखा नाही जमला, दुमडला. सॅफ्रानिनचा लाल रंग घातला, जरा जास्तच पडला, काचेवरून ओघळला. दहाच्या भिंगातून पाहिलं. मग पंचेचाळीसचं फिरवून समोर आणलं आणि डोळा नळीला लावून मोठं चाक खाली फिरवत गेलो. सगळं धूसर होतं. मला वाटलं, अजून थोडं. अजून थोडं.

आवाज फार मोठा नव्हता. सुपारी चावताना दाताखाली खडा यावा, तेवढाच.

वरची पातळ काच फुटली होती. खालच्या काचेला तडा गेला होता. भिंगाच्या टोकाला लाल रंग आणि काचेचा चुरा लागला होता. मी तो शर्टाच्या टोकानं पुसला. चुऱ्यासकट पुसला. नंतर, हा विषय शिकवायला लागल्यावर मला समजलं, की त्या दाबानं भिंग कदाचित वाचलंही असतं. त्यावर ओरखडे काढले ते माझ्या पुसण्यानं. काचेचे तुकडे कागदात गुंडाळून मी नाल्यात टाकले, किल्ली खुंटीवर ठेवली. जेवायला बसलो तेव्हा बाबांनी लग्नातली बुंदी माझ्या ताटात वाढली.

केंद्रक दिसलं नाहीच.

सोमवारी सांगायचं ठरवलं होतं. मंगळवारी सांगायचं ठरवलं. बाबांना नाही तर निदान श्रावणजींना. त्यांनी विचारलंही, "काहून येऊन नाई राहिला, बाबू?" मी म्हटलं, गणिताचा अभ्यास आहे. "कर, कर," ते म्हणाले. "पेशी कुठी पयून नाई जात."

फेब्रुवारीत बाहेरून परीक्षक आले. जाड चष्मा, अंगात कोट, बोलणं हिंदी. टेबलावर संत्री सोलून ठेवलेली. त्यांनी स्वतः पंचेचाळीसचं भिंग लावलं, डोळा लावला, चाक फिरवलं, पुन्हा फिरवलं. मग भिंग आटे सोडवून काढलं आणि उजेडात धरलं.

"मास्टर साहब, ये लाल-लाल क्या है?"

बाबा जवळ गेले. भिंगाच्या कडेला, पितळाच्या खाचेत लाल रंग वाळून बसला होता. बाबा ज्या शाळेत शिकवत होते त्या शाळेत सॅफ्रानिन आणि कुंकू यांतला फरक सांगितला तर ज्याचं ऐकलं जाईल असा एकच माणूस होता, आणि तो बाबाच. त्यांनी भिंग पाहिलं. मग मान वर करून माझ्याकडे पाहिलं. मी नवव्या नंबरावर उभा होतो.

मग ते म्हणाले, "दशहरे पर हमारा भृत्य पूजा करता है, साहब."

परीक्षक हसले. "वाह, तो लेंस को भी टीका लगा दिया. कुमकुम की रेत ने घिस डाला पूरा." मुलं हसली. रांगेतला माझ्या पुढचा पोरगा पोट धरून हसला. मीही हसलो. ते हसू मला आजही जबड्यात सापडतं, कधी कधी, उगाच.

श्रावणजी दाराशीच होते. त्यांनी एवढंच म्हटलं, "मी तं मानीले लावतो जी. भिंगाले नाई लावत." मग स्वतःशीच बोलल्यासारखं, "पुसतानी लागलं असन का?"

त्याच दिवशी हेडमास्तरांनी त्यांच्या कमरेची किल्ली काढून घेतली. कमरेचा करगोटा सुटेना, तर श्रावणजींनी तो हिसक्यानं तोडून दिला. उन्हाळ्यापर्यंत ते घंटा देत राहिले. जूनमध्ये त्यांची बदली तिगावकडच्या एका लहान शाळेत झाली. तिथे प्रयोगशाळा नव्हती. रामाकोन्याहून रोजचं जाणंयेणं जमण्यासारखं नव्हतं, तर तिथेच एक खोली घेऊन राहिले. मी पहिल्या श्रेणीत पास झालो. बाबा आणि मी त्या दिवसाबद्दल कधीही बोललो नाही. बाबा जाऊन आता पुष्कळ वर्षं झाली. त्यांनी शाळेची लाज राखली, असं मी बरीच वर्षं मनाला सांगितलं. त्यांनी माझी राखली होती, आणि माझ्या जागी परक्याचा मुलगा असता, तर राखली नसती.

वनस्पतीच्या पेशीत एक पिशवी असते, रिक्तिका. मुलांना ती आकृतीत काढायला सोपी वाटते, एक मोठा मोकळा गोल. पण ती मोकळी नसते. प्राण्याला नको ते बाहेर टाकता येतं. झाडाची सोय तोकडी असते. त्यातलं बरंचसं झाड त्या पिशवीत ठेवून घेतं. पेशी कोवळी असते तेव्हा अशा लहान लहान पिशव्या असतात. पेशी जून झाली की त्यांची मिळून एक होते, आणि ती इतकी वाढते की केंद्रकाला, ज्याच्या हुकमावर सगळं चालतं त्याला, भिंतीशी कोपऱ्यात दाबून बसवते. हे मी फळ्यावर काढतो आणि खडू खाली ठेवतो.

अंगातल्या पेशी मरतात, नव्या येतात, काही वर्षांनी माणूस सगळा नवाच होतो, असं लोक म्हणतात. मी तेही धरून पाहिलं. चाक फिरवणारा तो मुलगा आता शिल्लकच नाही, असं स्वतःला समजावून पाहिलं. पण मी हा विषय शिकवतो, ही अडचण आहे. कातडी बदलते, रक्त बदलतं. मेंदूतल्या पेशी बहुतेक त्याच राहतात. आणि डोळ्याच्या भिंगाच्या मध्यभागी ज्या पेशी असतात त्या जन्माच्याही आधीच्या, शेवटपर्यंत त्याच. ज्यातून मी तेव्हा पाहिलं, त्यातूनच पाहतो आहे.

या फेब्रुवारीत सौसरची प्रात्यक्षिकं लवकर आटोपली. दुपारचे दोन वाजले होते. पांढुर्ण्याची बस सोडून मी रामाकोन्याची धरली. का, ते नीट सांगता येणार नाही. रांगेतली एक मुलगी म्हणाली होती, "सर, मला काहीच दिसत नाहीये." बस, एवढंच. मी तिला गुण दिले आणि निघालो.

श्रावणजी हयात होते. ऐंशीच्या पुढचे. अंगणात बाजेवर बसून लसूण सोलत होते, पापुद्रा अजूनही अखंड निघत होता. सुनेनं माझं नाव सांगितलं तेव्हा म्हणाले, "सराइचा पोरगा? ये, बस. बुढा झाला बाप्पा तू बी." चहा आला. मी तो हातात धरून सगळं सांगितलं. रविवार, किल्ली, चाक, शर्टाचं टोक. लसूण सोलणं थांबलं होतं.

"मंग कुंकू नोहोतं ते?"

"नाही. रंग होता. कांद्याला घालतो तो लाल."

"सफरानिन."

"हो."

"अन् मी म्हनो, पुसतानी माह्याच हातून लागलं," ते म्हणाले. "तवापासून मी कायलेच कुंकू नाई लावलं गा. पोळ्याले बैलाइले बी नाई. पोरगं म्हने, बाबा, तुमी लावा, घरात मोठे तुमी. म्या म्हटलं, माह्या हातचं बाधते. नातवाच्या लग्नात बी मी मांडवाच्या कोपऱ्यात बसलो."

मी नोकरीचा, बदलीचा, तिगावच्या खोलीचा हिशेब मनात धरून आलो होतो. हे माझ्या यादीत नव्हतं.

"श्रावणजी, मला माफ..."

"ते मंग पाहू," ते म्हणाले. आवाज चढलेला नव्हता. "आंधी देवराव येऊ दे वावरातून. त्याले सांग. मी सांगतो तं म्हनन, बुढा आता बनवून सांगून राहिला."

मी बसून राहिलो. चहा निवला. तासाभरानं त्यांचा मुलगा आला, पन्नाशीचा, डोक्याला दुपट्टा, हातांना संत्र्यांचा चिकट रस. हात धुवायच्या आधीच श्रावणजींनी त्याला बसवलं. मी पुन्हा सुरुवातीपासून सांगितलं. दुसऱ्यांदा सांगणं सोपं जात नाही. देवरावनं ऐकलं, बापाकडे पाहिलं, मग माझ्याकडे.

"माही माय तं हेच मनात घेऊन गेली, सर," तो म्हणाला. "बोललेलं इथंच राह्यते. तुमी शिकलेले मानसं, लिहून द्या."

आतून नातीची वही आली. मी मधलं पान फाडलं आणि मांडीवर ठेवून लिहिलं. की शाळेतलं पंचेचाळीसचं भिंग मी खराब केलं. त्यावरचा लाल रंग माझ्या हातचा होता. श्रावणजींच्या कुंकवानं काहीही झालं नव्हतं. खाली सही केली.

"वाच," श्रावणजी म्हणाले.

मी वाचलं.

"जोरानं वाच. सुनेले चुलीपाशी आयकू गेलं पायजे."

मी उठून दाराकडे तोंड करून पुन्हा वाचलं. आतली भांडी थांबली. शेजारच्या कुडावरून एक बाई डोकावली, तिच्यासाठी त्यांनी तिसऱ्यांदा वाचायला लावलं.

"तारीख टाकली?"

मी आजची टाकत होतो. "आजची कायले," ते म्हणाले. "चाबी घेतली, त्या दिवसाची टाक."

पेन तसंच राहिलं. मला महिना आठवत होता, संत्री आठवत होती, परीक्षकांचा कोट आठवत होता. तारीख आठवत नव्हती. श्रावणजींनी अजिबात न थांबता ती सांगितली, वार सांगितला, आणि दुपारचे साडेतीन वाजले होते हेही. मी लिहून घेतलं.